मालवणच्या समुद्राखाली

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या शाळेतील सोळा मुलेमुली घेऊन मी व माझे एक सहकारी मालवणास गेलो होतो. त्या सहलीची हकीकत त्याच वर्षीच्या वार्षिकात यावयाची होती. संपादक मंडळाने ती मजकडे दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा मी काही तरी सबब सांगून ती टाळली. खरे कारण असे की, ती हकीकत प्रामाणिकपणे लिहावयाची तर तीत माझी एक चूक सांगणे भाग होते. आणि ती वगळून नुसते माशांचे व प्रवाळांचे वर्णन करावे, तर ज्या मुलाने माझ्या चुकीचे फळ भोगले तोच ते वार्षिक हाती घेऊन वाचणार होता. आता त्याने व त्याच्या आईने संमती दिली आहे, म्हणून लिहितो. त्याचे नाव मात्र देत नाही.

सहलीचा उगम वर्गात झाला. आठवीच्या मुलांस मी वायूंच्या दाबाविषयी पाठ्यपुस्तकाबाहेरचे थोडे सांगत होतो. आयर्लंडात जन्मलेल्या रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम असा की, तापमान कायम असता वायूवरील दाब दुप्पट केला तर त्याचे आकारमान निम्मे होते. बॉइल हा मोठा भाविक गृहस्थ होता व ख्रिस्ती धर्मावर व्याख्याने व्हावीत म्हणून त्याने मृत्युपत्रात पैसे ठेविले होते, हेही मी ओघाने सांगितले. कारण विज्ञानाचे व भक्तीचे वाकडे आहे ही समजूत मुलांत फार लवकर रुजते. मुले जांभया देत होती. तोच मागल्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग पाणबुड्याच्या छातीतल्या हवेचे काय होते?”

मी फळ्यावर हिशेब मांडला. समुद्राच्या पृष्ठभागावर आपणांवर वातावरणाचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी दाब पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दाब दुप्पट. वरून फुगवून नेलेला फुगा तेथे निम्मा होईल. उलट, तेथे खालीच टाकीतल्या हवेने फुगविलेला फुगा वर आणला, तर तो दुप्पट होऊ पाहील. आणि तेवढी जागा त्यास मिळाली नाही तर फुटेल. “आणि फुग्याच्या जागी फुप्फुस असले तर?” त्याच मुलाने विचारले. सगळा वर्ग एकदम जागा झाला. तास संपेपर्यंत, असे खाली खरेच जाता येते काय, पैसे किती पडतात, अमक्याचा मामा मालवणास जाऊन आला आहे, असा गलका सुरू झाला होता. आणि दुसऱ्या दिवशी पाच जणांची एक मंडळी माझ्या टेबलापाशी अर्ज घेऊन उभी राहिली.

आमच्या शाळेतील बहुतेक पालक श्रीमंत नाहीत. समुद्राखाली जाणे ही धनिकांची हौस, हीच माझीही कल्पना होती. परंतु चौकशी करता असे दिसले की, अंदमान किंवा लक्षद्वीप येथे जाण्यास लागणाऱ्या पैशांच्या अल्पशा भागात कोल्हापूर जिल्ह्यातील मुलास मालवणचा समुद्रतळ पाहता येतो. शैक्षणिक सहलीस मिळणाऱ्या सवलतीने एस.टी. केली. किनाऱ्याजवळच्या एका घरात दोन मोठ्या खोल्या घेतल्या. सतरंज्या आम्हीच नेल्या. शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार निवडला, कारण त्या दिवशी गर्दी कमी व भाव उतरलेले असतात. नाश्त्यास घावन, दुपारी भात व बांगड्याचे तिखले, रात्री पुन्हा तेच. कोणाचीही तक्रार आली नाही. असे सर्व धरून माणशी २,८०० रुपये खर्च ठरला. सहा महिने मुलांनी रद्दी गोळा करून विकली आणि दर सोमवारी ज्यास जमेल तितके डब्यात टाकले. ज्या मुलाविषयी मी लिहीत आहे, त्याची आई शिवणकाम करून घर चालविते. शेवटचे तीनशे रुपये तिने स्वतः आणून माझ्या हातावर ठेविले. सगळ्या दहा-दहाच्या नोटा होत्या.

मार्ग फोंडा घाटाचा होता. दाजीपूरच्या पुढे घाटमाथ्यावर गाडी थांबली, तेव्हा मी पाण्याची एक बाटली रिकामी करून तिचे झाकण घट्ट लाविले व मुलांच्या स्वाधीन केली. घाट उतरून खाली आल्यावर बाटलीचे पोट आपोआप आत गेले होते. वर जी हवा तीत कोंडली तिला खालच्या अधिक दाबाने दाबले होते. त्याच वेळी मुलांचे कान गच्च झाले होते व आवंढा गिळताच ते सुटत होते. “तुमच्या कानात अशीच एक बाटली आहे,” असे मी त्यांस सांगितले. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते आणि एका बारीक नळीने ती घशाशी जोडलेली असते. दाब वाढला की त्या नळीवाटे आत हवा जाऊन दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हावा लागतो. पाण्यात आवंढ्याने भागत नाही. तेथे नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकावाटे हलकेच हवा सोडू पाहावयाची. या युक्तीस इटलीतील व्हॅल्साल्व्हा नावाच्या वैद्याचे नाव मिळाले आहे; १७०४ साली कानावरील आपल्या ग्रंथात त्याने ती वर्णिली होती. सर्दीने ती नळी सुजली म्हणजे हवा आत जात नाही, हेही मी त्यांस बजाविले. म्हणजे मला हे ठाऊक नव्हते, अशी सबब मजजवळ नाही.

मालवणास पोहोचल्यावर मी होडीवाल्यांकडे भाव विचारीत फिरलो. एकाने बाराशे सांगितले, एकाने सहाशे. आमच्या हिशेबात बुडीसाठी माणशी हजार रुपये धरले होते. शेवटी एकाशी आठशे रुपयांवर सौदा जमला. अट एवढीच की, सकाळी दहाच्या आत आमचे सर्व आटोपले पाहिजे, कारण पुढे दुसरे गिऱ्हाईक होते, आणि एकदा दिलेले पैसे कोणत्याही कारणाने परत मिळावयाचे नाहीत. दरडोई दोनशे रुपये वाचविले याचा मला फार अभिमान वाटला. एका मुलामागे एक पाणबुड्या राहील की दोघांमागे एक, खाली किती वेळ ठेवतील, उथळ पाण्यात आधी सराव करून घेतील की एकदम खाली नेतील, यांपैकी एकही प्रश्न मी विचारिला नाही. सोळा कापडी पिशव्या घेताना मी शिवण ओढून पाहिली असती.

रात्री जेवणानंतर आम्ही प्रार्थनेस बसलो. उद्या सर्वांस सुखरूप ठेव, अशी विनंती मीच केली. प्रार्थना चालू असताना तो मुलगा दोनदा शिंकला. निजताना मी त्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, “थोडी सर्दी आहे सर, वाफ घेतली की जाईल.” घरच्या मावशींनी त्यास पातेलेभर गरम पाणी करून दिले. डोक्यावर चादर घेऊन तो बराच वेळ वाफ घेत बसला होता.

सकाळी होडी सिंधुदुर्गाच्या बाजूस निघाली. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, त्या किल्ल्याचा तट उन्हात तांबूस दिसत होता. एका तरुण पाणबुड्याने खुणा शिकविल्या. अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे सर्व ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर घेऊन चला. पंजा आडवा हालविणे म्हणजे काही तरी बिघडले आहे. अंगठा वर करणे म्हणजे ‘मस्त’ अशी सवय जडलेली मुले वारंवार चुकत होती व हसत होती. मग त्याने विचारले, “कोणाक सर्दी-ताप आसा काय? आसात तर आताच सांगा, नायतर कान दुखतलो.”

कोणी बोलले नाही. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले.

ते पाहणे मला अजून दिसते. माझ्या मनात काय आले तेही मला स्पष्ट आठवते. आठशे रुपये परत मिळणार नाहीत, हे आले. त्या दहा-दहाच्या नोटा आल्या. ज्याच्या प्रश्नातून ही सहल निघाली त्यालाच होडीत बसवून ठेवावयाचे काय, हे आले. पाणी फार तर पाच मीटर खोल आहे, एवढ्याशा खोलीवर काय होणार, असेही आले. मी किल्ल्याकडे पाहू लागलो. मुलाने त्याचा अर्थ होकार असा घेतला. घ्यावा असाच तो होता.

मुलांच्या आधी मी गेलो. मी विहिरीत पोहावयास शिकलेला मनुष्य; तरीही तोंड पाण्याखाली गेले असता श्वास घ्यावयाचा, ही गोष्ट शरीर सहजी मान्य करीत नाही. छाती अडून बसते. मग पहिला श्वास आत येतो. कोरडा, रबराच्या वासाचा. तो सोडताच कानाशेजारून बुडबुड्यांचा केवढा तरी घळघळाट वर जातो. समुद्राखाली शांतता असते असे मी ऐकले होते. माझ्या स्वतःच्या श्वासाचा एवढा गोंगाट मी जन्मात ऐकला नव्हता. वीस वर्षे बोलण्यावर पोट भरणाऱ्या मनुष्यास तोंडात नळी धरून गप्प बसावे लागले, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांस विशेष आवडली, असे मला मागाहून कळले. खाली खडकांवर प्रवाळांचे थर चढलेले होते. काही शेणीसारखे पसरट, काही गोल. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या लहान माशांचा एक थवा माझ्या मुखवट्यासमोर येऊन थांबला. पोपटासारख्या चोचीचा एक मोठा मासा दगड खरवडीत होता आणि तो खरवडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. हा भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. तथापि आमच्या पाणबुड्याने छायाचित्रासाठी कमरेच्या पिशवीतून पावाचे तुकडे सोडले, हे मला आवडले नाही. पाव हे माशांचे अन्न नव्हे, आणि गिऱ्हाइकांचे पाय टेकून टेकून एका प्रवाळाचा कडा मोडलेला मी पाहिला.

त्या मुलाची पाळी सातवी होती. तो आनंदाने खाली गेला. सुमारे दहा मिनिटांनी वर आला, तेव्हा त्याच्या मुखवट्यात नाकाजवळ रक्त होते आणि त्याने उजवा कान तळहाताने दाबून धरला होता. रडत नव्हता. “मी छान पाहिले सर,” एवढेच म्हणाला. पुढे त्याने सांगितले की, अगदी आरंभीच कान दुखू लागला होता. पाणबुड्याने खूण करून विचारले, तेव्हा त्याने वर्तुळ करून दाखविले. पुन्हा दुखले, पुन्हा विचारले, पुन्हा वर्तुळ. मग कानात काही तरी फाटल्यासारखे झाले, थंड वाटले, आणि क्षणभर खाली कोणते व वर कोणते हे कळेनासे झाले. “अंगठा का वर केला नाहीस?” मी विचारले. तो म्हणाला, “मग लगेच वर आणले असते.”

तेथील डॉक्टरांनी कान तपासला व पडद्यास लहान छिद्र पडले असल्याचे सांगितले. परत आल्यावर कानाच्या तज्ज्ञांनी तेच सांगून कानात पाणी जाऊ न देण्याची व जोराने नाक न शिंकरण्याची ताकीद दिली. देवाच्या दयेने छिद्र सुमारे दोन महिन्यांत आपोआप भरून आले. परंतु ते दोन महिने तो मुलगा वर्गात डावा कान माझ्याकडे करून बसत असे.

मी त्याच्या आईस भेटावयास गेलो, तो प्रसंग सांगतो. वाटेत मी बरीच वाक्ये जुळविली होती. ती मशीनवर बसली होती. मी सर्व हकीकत सांगितली. त्याने माझ्याकडे पाहिले होते व मी तोंड फिरविले होते, हेही सांगितले. पैशांचा विचार माझ्या मनात आला होता, हेही. तिने कात्रीने दोरा तोडला व म्हणाली, “पैशांचे काय सर, ते मी पुन्हा साठविले असते. तुम्ही सकाळी मला एक फोन केला असता, तर मीच नको म्हटले असते.”

फोन माझ्या खिशात होता. तो करावा हे मला सुचलेच नव्हते. गरिबाच्या पैशांची कणव मला आली होती. परंतु त्या पैशांविषयी बोलण्याचा अधिकार तिचा आहे, हे मी विसरलो होतो.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले. त्यातील थोडे येथे देतो, कारण अनेक पालक सुटीत मुलांस घेऊन कोकणात जातात व हौसेने पाण्यात उतरतात.

‘पाणी उथळ आहे, काय होणार’ हे जे मी होडीत मनाशी म्हटले, तेच मुळी चूक होते. पृष्ठभागापासून दहा मीटरांपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो. दहापासून वीसपर्यंत तो फक्त दीडपट होतो. म्हणजे दाबाचा सर्वांत झपाट्याचा फेरफार अगदी वरच्या पाण्यातच असतो. पाच मीटरांवर कानातली हवा आक्रसून दोन-तृतीयांश होऊ पाहते. पडद्यास इजा होण्यास तेवढे पुष्कळ आहे. म्हणून दुखू लागण्याच्या आधीपासून, दर हातभर खोलीस एकदा, नाक धरून कान मोकळे करावयाचे असतात. मोकळे न झाले तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावयाचा. तरीही न झाले तर त्या दिवशी परत फिरावयाचे. जोर कधीही लावू नये. सर्दीची गोळी घेऊन खाली जाणे तर अधिकच वाईट, कारण तिचा अंमल पाण्याखालीच उतरला, तर आत कोंडलेली हवा वर येताना बाहेर पडू शकत नाही.

श्वासाची गोष्ट कानाहून गंभीर आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील परवर लोक पूर्वी मोत्यांसाठी मन्नारच्या आखातात बुड्या मारीत. १५४२ साली हिंदुस्थानात आलेल्या फ्रान्सिस झेवियर यांनी त्यांच्यात मोठे कार्य केले, हे आपल्या मंडळीतील अनेकांस ठाऊक असेल. ते पाणबुडे वरूनच छाती भरून घेत, श्वास कोंडून खाली जात व तसेच वर येत. तीच हवा खाली आक्रसे व वर येताना पूर्ववत होई. फुप्फुस फाटण्याचे भय नव्हते. कूस्तो व गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली जे साधन सिद्ध केले, त्याने हे सर्व पालटले. त्यातून मिळणारी हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने येते. अशा हवेने छाती भरून, घाबरून श्वास कोंडला व माणूस एकदम वर आला, तर फळ्यावरचा तो फुगा खरा होतो. आणि त्यास चार-पाच फुटांची उंचीही पुरते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखावयाचा नाही. भय वाटले की मनुष्याची पहिली प्रवृत्ती नेमकी श्वास रोखण्याची असते. तिच्यासाठीच आधी कमरेइतक्या पाण्यात सराव करावयाचा असतो. आमच्या आठशे रुपयांत तो बसला नव्हता.

अधिक खोल व अधिक वेळ जाणारांस आणखी एक भय असते. हवेतील नायट्रोजन दाबाखाली रक्तात व मेदात विरघळतो. सोड्याची बाटली फोडल्याप्रमाणे एकदम वर आले असता तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बॉइलने १६७० साली हवा काढून घेतलेल्या पात्रात एक साप ठेविला असता त्याच्या डोळ्यात बुडबुडा हालताना पाहिला होता. त्या बुडबुड्याचा अर्थ लागावयास दोनशे वर्षे गेली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन पुलाचे पाये खणताना दाबलेल्या हवेत काम करणारे अनेक मजूर या व्याधीने पंगू झाले. मुख्य अभियंता रोबलिंग हाही त्यातून सुटला नाही, आणि त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या सूचना कामावर पोहोचवून १८८३ साली तो पूल पुरा होईपर्यंत धुरा वाहिली. फ्रान्समध्ये पॉल बेर याने १८७८ साली या व्याधीचे मूळ नायट्रोजनात असल्याचे दाखविले व हॉल्डेनने १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज शिकलेला पाणबुड्या मिनिटास नऊ-दहा मीटरांहून वेगाने वर येत नाही, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतो, आणि एका बुडीनंतर निदान बारा तास विमानात बसत नाही. हौशी पाहुण्यांस मालवणास जेवढे खाली नेतात, तेवढ्या खोलीवर व तेवढ्या वेळात या व्याधीचे भय जवळजवळ नाही. तथापि ज्यांस ही विद्या रीतसर शिकून पुढे जावयाचे आहे, त्यांनी ते ध्यानात ठेवावे. घाटावरच्या माणसास तर परतताना डोंगरही चढावा लागतो. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे; परदेशी न जाता आपल्याच जिल्ह्याशेजारी ते मिळते. दम्याच्या, अपस्माराच्या किंवा हृदयाच्या रोग्याने डॉक्टरांचा लेखी सल्ला घेतल्यावाचून टाकी पाठीस लावू नये.

आणि पाण्याखालचा विचार करताना पाण्यावरचा विसरू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ बुडीहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी किनाऱ्यानजीक उलटली व दोघांस प्राण गमवावे लागले. पावसाळ्याच्या तोंडी समुद्राचा भरवसा नसतो. होडीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे. ते उकाड्याचे असते, कुबट असते, त्यात छायाचित्र चांगले येत नाही, या तिन्ही तक्रारी मी ऐकल्या आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस हिशेब निराळा मांडला. एस.टी., सतरंज्या, बांगड्याचे तिखले हे सर्व पूर्ववत. काटकसर तेथेच केली. बुडीसाठी मात्र माणशी चौदाशे धरले, आणि भाव विचारण्यापूर्वी एका मुलामागे एक पाणबुड्या, आधी उथळ पाण्यात सराव व घाई नाही, या गोष्टी ठरवून घेतल्या. आणखी एक गोष्ट केली. रद्दीच्या पैशांतून एक वेगळी रक्कम बाजूस काढून ठेविली. ज्यास सर्दी झाली, ताप आला, किंवा नुसते भय वाटले, त्याने नाही म्हणावे, कारण सांगू नये; त्याचे बुडीचे पैसे त्या रकमेतून त्यास परत मिळतील. निघण्यापूर्वी पालकांच्या सभेत मी हे जाहीर केले, तेव्हा एका गृहस्थांनी विचारले की, अशाने मुले भित्री होणार नाहीत काय? मी त्यांस मागल्या वर्षीची हकीकत सांगितली. ती मी चारचौघांत प्रथमच सांगत होतो.

तो मुलगा आता नववीत होता. कानाच्या डॉक्टरांनी तपासून लेखी परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी आम्ही जेट्टीवर गेलो, तो वारा सुटलेला. होडीवाल्या वृद्ध गृहस्थांनी पाण्याकडे पाहिले व म्हणाले, “मास्तरांनू, आज दर्यो बरो नाय. उद्या येवा.” मुलांची तोंडे उतरली. मला मात्र हा माणूस योग्य निवडला, असे वाटले. तो दिवस आम्ही किल्ला पाहण्यात व खाजे खाण्यात घालविला.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळले होते. होडीत सर्दीचा प्रश्न निघाला, तेव्हा एक मुलगी ताबडतोब म्हणाली, “मला आहे.” एका मुलाने नुसते “मी नाही जात” म्हटले. दोघे माझ्याशेजारी बसून राहिली व आळीपाळीने कोणाचे बुडबुडे कोठे हे मोजू लागली.

त्याची पाळी आली. त्याने मुखवटा चढविला, नाक धरून पाहिले, माझ्याकडे न पाहता पाण्यात उतरला. काठीभर खाली गेला असेल-नसेल, तोच अंगठा वर केलेला हात दिसला आणि दोघेही वर आले. माझा श्वास अडकला. त्याने नाक धरले, मान एका बाजूस कलती केली, थोडा थांबला, आणि मग वर्तुळाची खूण करून पुन्हा खाली गेला. आणखी एकदा असेच झाले. तिसऱ्या खेपेस तो खाली गेला तो गेला. मी घड्याळ हाती धरून बुडबुड्यांच्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. ठिपका खडकाच्या बाजूस सरकला, थांबला, परत आला.

अठरा मिनिटांनी तो वर आला. मुखवटा काढला, तो स्वच्छ होता. दोन्ही कानांशी चुटक्या वाजवून त्याने खात्री करून घेतली आणि मग त्या मुलीस पोपटमाशाच्या चोचीविषयी काही तरी सांगू लागला. होडी वळली तेव्हा त्याने मला विचारले, “सर, आईला फोन करू का?”

भर समुद्रात फोन लागेना. जेट्टीवर पाय ठेवताच त्याने तो केला.